आयग्नरांच्या वीस पुंगळ्या

आमच्या इथल्या मराठी मंडळात नव्याने आलेला कुणीही मला विचारतो, "काका, तुम्ही कुठे होता? इंगोलश्टाटला की रेगेन्सबर्गला?" म्हणजे मोटारींच्या कुठल्या कारखान्यात, असं त्याला विचारायचं असतं. जर्मनीच्या या भागात आलेला मराठी माणूस मोटारी बनवतो, नाहीतर एर्लांगेनला इस्पितळांची यंत्रं बनवतो, नाहीतर पीएचडी करत असतो. मी सांगतो, "झाडलेली काडतुसं पुन्हा भरायचं जे यंत्र असतं, त्याच्या डाया मी बनवायचो." मग समोरचा आपली प्लेट घेऊन हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकतो. आमची सुनंदा तीस वर्षं मला कोपराने ढोसते आहे. "अहो, नुसतं टूलमेकर म्हणा ना! जेवताना काडतुसं कशाला काढता?"

यंदा मंडळाच्या अंकासाठी लेख मागितला तेव्हाही ती म्हणाली, डोनाऊ नदीच्या काठच्या सायकलवाटेवर लिहा, लोकांना आवडेल. पण सायकलवाटेवर लिहिणारे मंडळात पुष्कळ आहेत. रेगेन्सबर्गबाहेरच्या अकरा माणसांच्या कारखान्यात मी ज्या बाकड्याशी उभा राहिलो, त्याच्याबद्दल लिहिणारा मी एकटाच. शिवाय त्या बाकड्यावर मी एक चूक केली, ती माझ्याखेरीज कोण सांगणार?

आधी धंदा समजावून सांगतो. तांत्रिक आहे म्हणून पान उलटू नका. बव्हेरियात गावोगावी नेमबाजीचं मंडळ असतं, आपल्याकडे गावात तालीम असते तसं. सुतार, बँकेतला कारकून, दातांचा डॉक्टर, सगळे शनिवारी कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरतात आणि मग बिअर पीत एकमेकांची चेष्टा करतात. यातले चोखंदळ लोक झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. रीतसर शिकून, परीक्षा देऊन, लांद्राट्सआम्टमधून म्हणजे जिल्हा कचेरीतून परवाना काढून ते ती घरीच पुन्हा भरतात. मी स्वतः उभ्या आयुष्यात एकदाही गोळी झाडलेली नाही. मला त्या यंत्राचं प्रेम.

यंत्र दिसायला साधं. दांडा खाली ओढला की खालचा दट्ट्या पुंगळी घेऊन वर चढतो आणि वर आट्यांवर बसवलेल्या पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरतो. अशा तीन डाया लागतात. पहिली, फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणते. दुसरी तिचं तोंड किंचित उमलवते. तिसरी गोळी आत बसवते आणि तोंडाची कड आत वळवते, करंजीला मुरड घालतात तशी. मुरड कमी पडली तर गोळी सैल राहते, जास्त झाली तर पुंगळी चुरगळते. डाय किती खाली आणली आहे यावर ही मुरड ठरते. डाय फिरवून खालीवर करायची, ती जागेवर धरणारा चेकनट आवळायचा, एक पुंगळी करून बघायची, नाही जमलं तर पुन्हा ढिला करायचा. सवयीच्या माणसालाही यात अर्धा तास सहज जातो.

आता खरी मेख. रिव्हॉल्वरची दोन काडतुसं अगदी सख्खी भावंडं आहेत, थर्टी-एट स्पेशल आणि थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम. घेर तोच, गोळी तीच, डायाही त्याच. मॅग्नमची पुंगळी तेवढी साडेतीन मिलिमीटरला जराशी कमी, इतकी लांब. ती मुद्दामच लांब केलेली आहे, म्हणजे जास्त जोराचं हे काडतूस कमी ताकदीच्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये शिरूच नये. त्यामुळे दोन्ही भरणाऱ्याला दर वेळी दुसरी आणि तिसरी डाय नव्याने लावावी लागते. विसरला की संपलं. एका दातांच्या डॉक्टरांनी आम्हाला आगपाखड करणारं पत्र पाठवलं होतं, की तुमच्या डायने माझ्या ओळीने साठ पुंगळ्या खाल्ल्या. आखूड पुंगळीला लावलेल्या डायमध्ये ते लांब पुंगळ्या घालत होते. मी फोनवर विचारलं, "हेर डॉक्टर," म्हणजे डॉक्टरसाहेब, "पहिली चुरगळल्यावर थांबला का नाहीत?" ते म्हणाले, "मला वाटलं, पुढची नीट होईल." त्यांच्याकडे दात काढायला जाणाऱ्यांची मला काळजी वाटली.

या कटकटीवर आम्ही एक रिंग बनवत होतो. जाड वॉशरच म्हणा. डाय एकदाच आखूड पुंगळीसाठी नीट लावून घ्यायची. लांब पुंगळीची वेळ आली की डायखाली ही रिंग बसवायची, डाय तेवढीच वर उचलली जाते. रिंगची जाडी म्हणजे दोन पुंगळ्यांच्या लांबीतला फरक. आमच्या ड्रॉइंगवर ती ३.४३ मिलिमीटर होती आणि ग्राइंडिंग मशीनवर ती मी स्वतः काढत असे. एवढ्याशा रिंगचा मला भारी अभिमान होता.

एका वसंतात फोन आला. आवाज म्हातारा, पण शब्द एकेक मोजून ठेवल्यासारखे. हेर आयग्नर, वय एक्क्याऐंशी, डोंगरातल्या एका गावात एकटे राहणारे, रेल्वेतले निवृत्त सिग्नल-फिटर. आमचं यंत्र त्यांच्याकडे पन्नास वर्षं होतं. "हेर याधाव," ते म्हणाले. जाधवचं याधाव करण्याबद्दल मी या देशाला कधीच माफ केलं आहे. "माझी बोटं आता चेकनटशी भांडू शकत नाहीत. दोन्ही काडतुसं भरतो मी. काही उपाय?"

मी लगेच रिंगची शिफारस केली. इतक्या जोरात केली, की सुनंदा असती तर म्हणाली असती, पुरे आता. रिंग पोस्टाने गेली.

सप्टेंबरात एक खोका आला. आत वीस चुरगळलेल्या पुंगळ्या, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेली, कागदावर क्रमांक आणि तारीख. सोबत ती रिंग आणि शाईने लिहिलेलं पत्र. ते मला आजही पाठ आहे. "आदरणीय हेर जाधव, पन्नास वर्षांत माझ्या हातून अकरा पुंगळ्या चुरगळल्या. या उन्हाळ्यात वीस. रिंग बरोबर आहे का, एवढं प्रामाणिकपणे कळवा. ती बरोबर असेल तर दोष माझ्या हातांचा आहे, आणि मग मी थांबेन."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सांगलीचा, आयटीआयमधून निघालेला फिटर. तिथे भाग बसला नाही तर कानस घ्यायची आणि बसेपर्यंत घासायचा, ड्रॉइंग गेलं खड्ड्यात. जर्मनीत पहिल्या वर्षी याच सवयीपायी मी इतक्या शिव्या खाल्ल्या, की शेवटी ड्रॉइंग म्हणजे देव हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आणि बाटगा जास्त कडवा असतो म्हणतात, तसं माझं झालं. भाग ड्रॉइंगप्रमाणे असला की त्याच्या कागदावर 'इ. ओ.' असा शिक्का मारायचा, इन ऑर्डनुंग, सगळं ठीक. माझ्या शिक्क्यावर माझा स्वतःचा नंबर होता. तो शिक्का मारताना मला सत्यनारायणाची पूजा सांगितल्यासारखं वाटायचं.

तर तो शुक्रवार होता. शुक्रवारी आमचा फायरआबेंड, म्हणजे कामाची सुट्टी, दुपारी एकला. एर्लांगेनला मंडळाचा गणपती होता आणि मखराचे पाय मला कापून न्यायचे होते. मी रिंग चार ठिकाणी मायक्रोमीटरने मोजली. चारही ठिकाणी ३.४३. कागदावर शिक्का मारला.

आमच्या मालकीण लिंडल बाई शेजारून चालल्या होत्या. खोक्याकडे बघून म्हणाल्या, "आणि पुंगळ्या?"

"चुरगळलेल्या आहेत. त्यात काय मोजायचं?"

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, खरंय, आणि गेल्या. मी दोन ओळी लिहिल्या, रिंग तपासली, रिंग बरोबर आहे. पाकीट टपालाच्या ट्रेमध्ये टाकलं आणि रेल्वे पकडली. मखराचे पाय अगदी कागदाप्रमाणे झाले होते, सगळ्यांनी वाहवा केली.

डिसेंबरच्या एका मंगळवारी दुपारी एक जड पेटी आली. आयग्नरांचं यंत्र, तिन्ही डाया, रिंग, पुंगळ्यांचे दोन डबे, शिशाच्या गोळ्यांचा एक डबा आणि सात वह्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, "तुमच्या उत्तराबद्दल आभार. हे विकू नका, कुणा सावध माणसाला द्या. गुरुवारी सकाळी मी लांद्राट्सआम्टमध्ये परवाना परत करायला जात आहे."

मी यंत्र बाजूला ठेवलं आणि सहज एक वही उघडली. खरं सांगतो, मी उभाच राहिलो. या धंद्यात मी खूप व्यवस्थित माणसं पाहिली. इंगोलश्टाटचे एक इंजिनिअर चार दशांश स्थळांचे तक्ते घेऊन यायचे आणि त्यांच्या पुंगळ्या खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यात खुळखुळत असायच्या. आयग्नरांचं तसं नव्हतं. पन्नास वर्षांतल्या पुंगळ्यांच्या प्रत्येक तुकडीची लांबी, ती कितव्यांदा भरली, कधी कापली, कुठली बाद केली आणि का. आखूड पुंगळ्या निळ्या शाईत, लांब लाल शाईत. कुठे खाडाखोड नाही. एका वर्षाच्या पानावर फक्त "रोझा गेली" एवढंच होतं, आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा निळं-लाल सुरू. असं काम मला एकतीस वर्षांत जमलं नाही. मी वह्या बघत बघत या वर्षापर्यंत आलो.

निळ्यात लिहिलं होतं, सगळ्या आखूड पुंगळ्या तुकडीतल्या सर्वांत लहान पुंगळीच्या मापाला कापल्या, २९.००. लाल शाईत, लांब पुंगळ्या नवीन घेतल्या, ३२.७०. त्याखाली पेन्सिलने वजाबाकी, ३.७०, पुढे प्रश्नचिन्ह. आणि ती वजाबाकी काट मारून खोडलेली. सात वह्यांतली ती एकच खाडाखोड. खोडल्याची तारीख माझं पत्र पोचल्यानंतरची होती.

ड्रॉइंगवरचा ३.४३ हा फरक पुस्तकातल्या पुंगळ्यांचा. आयग्नरांच्या पुंगळ्यांतला फरक ३.७०. म्हणजे माझी रिंग डायला पाव मिलिमीटर कमी उचलत होती, एका पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. तेवढ्याने मुरड जास्त पडत होती आणि पुंगळी चुरगळत होती. मी डब्यांतल्या पुंगळ्या काढून मोजल्या. २९.००, ३२.७०. त्यांचंच यंत्र बाकड्याला लावलं, माझी रिंग घातली, दारू न भरता एका लांब पुंगळीत गोळी बसवली. माझे हात तेव्हा ठणठणीत होते. पुंगळी चुरगळली. ती एकविसावी. मग रिंगखाली पितळी पत्र्याची ०.२७ची चकती घातली आणि पुढची पुंगळी आरशासारखी निघाली.

रिंग बरोबर होती. म्हाताऱ्याचे हातही बरोबर होते. दोन धडधाकट पुंगळ्या पाठवा अशी एक ओळ लिहायला आणि त्या मोजायला मला पाच मिनिटं लागली असती, आणि तेवढी पाच मिनिटं मी दिली नव्हती.

लिंडल बाईंना सगळं दाखवलं. "मीही विचारून पुढे गेले," त्या म्हणाल्या. "उद्या सुट्टी घ्या. आणि यंत्र घेऊन जा."

घरी सुनंदा म्हणाली, "अहो, आधी फोन तरी करा. म्हातारा माणूस आहे, दचकेल."

"फोनवर काय सांगू? तुमचे हात चांगले आहेत म्हणून? त्याला ते स्वतः बघायला हवं." तिने चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला.

बुधवारी गाडीने तासाभरात त्या गावात पोचलो. दार उघडलं ते उंच, किंचित वाकलेल्या माणसाने. मी नाव सांगितलं. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, माझा कप भरून आणि स्वतःचा अर्धा. तो अर्धा कप ते दोन्ही हातांनी धरून पीत होते. मला ते बघवेना.

मी व्हर्निअर टेबलावर ठेवला आणि एक आखूड, एक लांब पुंगळी. "हेर आयग्नर, मोजा."

"नको. मोजण्यातही आता माझं चुकतं."

"तुम्ही मोजा, मग मी मोजतो."

त्यांनी चष्मा बदलला, पुंगळी व्हर्निअरच्या जबड्यात धरली. २९.००. मग ३२.७०. मग मी मोजल्या. शतांशाचाही फरक नव्हता. मी त्यांची वही उघडून ती खोडलेली वजाबाकी पुढे ठेवली.

"ही बरोबर होती," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मी रिंग मोजली, तुमच्या पुंगळ्या मोजल्या नाहीत."

त्यांनी विचारलं, "पण रिंग बरोबर होती ना?"

"हो."

"मग शिक्का खरा होता."

"शिक्का खरा होता. पण तुम्ही मला तुमच्या हातांबद्दल विचारलं होतं, आणि मी रिंगबद्दल उत्तर दिलं."

"वजाबाकी मला दिसली होती," ते हळूच म्हणाले. "पण कागदावर शिक्का होता. मला वाटलं, हात गेले, आता डोळेही गेले."

मी यंत्र आणलं, टेबलाच्या कडेला क्लँपने आवळलं. रिंग, चकती, डाय. दांडा त्यांच्या हातात दिला. पहिल्या पुंगळीला त्यांनी दांडा अगदी हळू ओढला. बाहेर काढून अंगठा तोंडावरून फिरवला. मग दुसरी, तिसरी. दहा केल्या. दहाही टेबलावर एका रेषेत उभ्या करून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, फार वेळ. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

मग उठून त्यांनी लांद्राट्सआम्टला फोन लावला. "हं, तर उद्याची माझी वेळ रद्द करा. नाही, दुसरी नको. कारण?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कारण हात ठीक आहेत." पलीकडे बहुतेक असल्या कारणासाठी रकाना नव्हता, कारण त्यांना ते तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता.

यंत्र तळघरात पोचवायला मी उचललं. जिन्याची वाट गॅरेजमधून होती. गॅरेज झाडून लख्ख केलेलं आणि रिकामं. मधोमध फक्त तेलाचा एक जुना डाग.

"गाडी कुठे आहे?" मी विचारलं.

"मागच्या शनिवारी देऊन टाकली. ज्या हाताला पुंगळी चुरगळताना कळत नाही, त्याने स्टिअरिंग धरू नये." हे त्यांनी रागाने सांगितलं नाही, साध्या माहितीसारखं सांगितलं. पुढे जाऊन त्यांनी माझ्यासाठी दार धरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवाना आम्ही एक दिवस आधी वाचवला होता, गाडीला चार दिवस उशीर झाला होता. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणूस दुसरी गाडी घेत नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी ३.७०ची रिंग काढली. तिच्या कागदावर शिक्का मारला नाही, नुसतं लिहिलं, आयग्नर यांच्या पुंगळ्यांप्रमाणे. आमच्या रिंगच्या डबीत तेव्हापासून एक कागद असतो: आधी तुमची एक आखूड आणि एक लांब पुंगळी मोजा, फरक आम्हाला कळवा, मग रिंग मागवा. तो मजकूर माझा आहे. मी निवृत्त झालो तरी लिंडल बाईंनी तो बदललेला नाही.

आयग्नर आता चौऱ्याऐंशीचे आहेत. गावातली बस शनिवारी येत नाही, म्हणून एक शनिवार सोडून मी गाडीने जातो आणि त्यांना नेमबाजीच्या मंडळात घेऊन जातो. ते आत नेम धरतात, मी बाहेर कॉफी पीत बसतो. वर्तुळाच्या मध्याचं भोक ते अजून एवढंसं करतात की साठीतले लोक तोंडं वाकडी करतात. जाताना सुनंदाने दिलेला चिवडा खातात, मात्र शेंगदाणे आधी वेचून मोजून. गाडीत फारसं बोलत नाहीत. घाटाची वळणं आली की मात्र ते रस्त्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघत बसतात.

एकदा न राहवून मी विचारलं, "हेर आयग्नर, काय बघता एवढं?"

"काही नाही," ते म्हणाले. "शिक्का मारण्याआधी नीट तपासतो आहे."

तीन वर्षं झाली. अजून मारलेला नाही.